मायटर सॉची घोडी : विकत घ्यावी की घरी करावी?

कार्यानुभव व विज्ञान (इयत्ता ८ वी ते १० वी)



मागच्या पालकसभेनंतर एक पालक थांबले. ते सुतारकाम करतात आणि त्यांनी नुकतेच विजेवर चालणारे मायटर सॉ घेतले आहे. म्हणाले, "सर, मशीन तर घेतली, पण ती ठेवायची कशावर? दुकानात घडीची घोडी दाखवली, तिची किंमत ऐकून परत फिरलो. जवळजवळ मशीनइतकीच आहे. घ्यावी का?" मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही, कारण आधी काही गोष्टी मोजून पाहायच्या होत्या. मुलांना बरोबर घेऊन त्या मोजल्या आणि त्यातूनच हा पाठ तयार झाला. गणित आठवी-नववीचेच आहे. पालकांनी व विश्वस्त मंडळींनीही वाचावा, कारण शाळेच्या कार्यशाळेतही हाच प्रश्न आज ना उद्या येणार आहे.

हा प्रश्न आपल्या भागात आत्ताच का आला, ते आधी पाहू. सरदार सरोवर २०१९ साली प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि जुने निसरपूर पाण्याखाली गेले. घर सोडताना ज्यांना जमले त्यांनी दारे, चौकटी, वासे काढून बरोबर आणले. तुमच्यापैकी काहींच्या घरी आजोबांच्या वेळचे सागवानी दार नव्या सिमेंटच्या भिंतीत बसवलेले असेल, नाहीतर मागच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून असेल. पूर्वी सुतार आपल्या ओट्यावर बसायचा आणि लाकूड त्याच्याकडे यायचे. आता घरे वसाहतींत विखुरली, म्हणून सुतार लाकडाकडे जातो, तोही मोटरसायकलवर. त्यामुळे जे यंत्र घ्यायचे ते उचलून नेता आले पाहिजे, आणि ज्यावर ते ठेवायचे ती घोडीही नेता आली पाहिजे. या लेखातला सगळा विचार त्या मोटरसायकलभोवती फिरतो, हे लक्षात ठेवा.

मायटर सॉ म्हणजे गोल पात्याची विजेची करवत. धातूच्या बैठकीवर लाकूड ठेवायचे, मागच्या टेकणपट्टीला दाबून धरायचे आणि मूठ खाली ओढली की पाते वरून उतरून लाकूड कापते. बैठक फिरवून ९० अंशाचा, ४५ अंशाचा किंवा मधला कोणताही काप घेता येतो. पाते बहुधा १० किंवा १२ इंची असते. साध्या १० इंची यंत्राचे वजन ११ ते १५ किलो भरते. पाते पुढे-मागे सरकणारी मोठी यंत्रे याच्या दुप्पट जड असू शकतात.

आपल्याकडे हत्यारांच्या नावांचा एक गंमतीदार घोटाळा होतो, तोही सांगून टाकतो. हिंदीत 'आरी' म्हणजे लाकूड कापायची करवत आणि मराठीत आरी म्हणजे चांभाराचे टोचायचे हत्यार. रंदा-रंधा आणि गुनिया-गुण्या हे तरी भाऊ भाऊ दिसतात. घोडी मात्र दोन्हीकडे घोडीच. लाकूड कापताना ते ज्यावर टेकवतात ती चार पायांची चौकट.

आता मोजमापाकडे येऊ. तसबिरीची चौकट करून पाहा. तिला चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्यात ४५ अंशांचे दोन काप, म्हणजे एकूण आठ काप. समजा प्रत्येक काप फक्त अर्ध्या अंशाने चुकला आणि सगळे एकाच बाजूला चुकले. तीन कोपरे आपण दाबून जुळवले, तर सगळी चूक चौथ्या कोपऱ्यात जमा होते : ८ × ०.५ = ४ अंश. कापाची तिरपी लांबी ६ सेंमी असेल तर बाहेरच्या टोकाला फट किती? ६ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ३७.७ सेंमी, त्याचा ४/३६० भाग म्हणजे ०.४२ सेंमी. अर्धा अंश डोळ्यांना दिसतही नाही, पण ४ मिमीची फट कुणालाही दिसते. तिच्यात पुट्टी भरून वरून रंग फासावा लागतो आणि गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्या सुताराकडे जाते.

यातली काही चूक यंत्राच्या अंशपट्टीची असते. ती गुण्या लावून एकदा दुरुस्त करता येते. पण उरलेली चूक यंत्राची नसतेच, ती लाकूड कसे टेकले आहे याची असते. यंत्राची बैठक जेमतेम हातभर रुंद आणि कापायची पट्टी आठ फुटी. पट्टीचा बाहेरचा भाग अधांतरी लोंबतो. समजा २४० सेंमी लांब पट्टीचे दूरचे टोक बैठकीपेक्षा १ सेंमी खाली गेले. मग पट्टीला २४० ला १ असा उतार आला. पाते मात्र सरळ उभे उतरते. पट्टी ७ सेंमी उंच उभी धरली असेल, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने कापातला तिरपेपणा ७ ÷ २४० = सुमारे ०.०३ सेंमी, म्हणजे ०.३ मिमी होतो. अशा दोन पट्ट्या एकमेकींना भिडवल्या की ०.६ मिमी. दोन पोस्टकार्डे सहज मावतील एवढी फट झाली, आणि हे फक्त एक सेंमी लोंबण्याने. कितीतरी वेळा पट्टी हातभर लोंबलेली असते आणि सुताराचा मुलगा ती डोक्यावर धरून उभा असतो!

म्हणजे यंत्राखाली काय आहे यापेक्षा लाकडाखाली काय आहे हे जास्त महत्त्वाचे. दुकानदार आपल्याला यंत्राखालची गोष्ट विकतो. आपण विचारायचे ते लाकडाचे.

दुसरी गोष्ट तोल जाण्याची. तरफेचा नियम तुम्हाला ठाऊक आहे : भार गुणिले टेकूपासूनचे अंतर. एक सागवानी चौकटीचा उभा नग घ्या, १० सेंमी × ६.३ सेंमी, लांबी २.१ मीटर. घनफळ ०.०१३२ घनमीटर. वाळलेल्या सागाच्या एका घनमीटरचे वजन साधारण ६५० किलो धरले तर नग ८.६ किलोचा झाला. त्याचे एक टोक पात्याखाली आहे, बाकीचा सगळा एका बाजूला बाहेर. नगाचा मध्य पात्यापासून १.०५ मीटरवर पडतो. यंत्र १२ किलो, घोडी ८ किलो, आणि घोडीचे पाय एकमेकांपासून ६० सेंमीवर, म्हणजे मध्यापासून प्रत्येकी ३० सेंमी. नगाच्या बाजूचा पाय हा टेकू धरा. यंत्र आणि घोडी मिळून तोल राखतात तो २० × ०.३० = ६. नग तोल घालवतो तो ८.६ × ०.७५ = ६.४५. सहापेक्षा साडेसहा मोठे, म्हणून चालत्या पात्यासकट सगळे कोसळणार.

आता तेच पाय १.२ मीटर अंतरावर न्या. तोल राखणारा आकडा २० × ०.६० = १२ होतो आणि घालवणारा ८.६ × ०.४५ = ३.८७. वजन तेच, यंत्र तेच, फक्त पाय लांब गेले. नववीच्या मुलांनी हे गणित पायांच्या वेगवेगळ्या अंतरांसाठी करून पाहावे आणि नेमके किती अंतरावर दोन्ही आकडे सारखे होतात ते काढावे. उत्तर ६३ ते ६४ सेंमीच्या मध्ये येईल. बाजारातल्या स्वस्त घोड्यांत पाय किती पसरतात ते दुकानात टेप लावून बघावे. मी स्वतः एकदा घाईत एक बारीक पायांची घोडी घेतली होती. पाय आखूड, पत्रा पातळ. दुसऱ्याच दिवशी ती आडवी झाली. सुदैवाने यंत्र बंद होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आपला सुतार पिढ्यान् पिढ्या जमिनीवर बसून काम करत आला आहे. मग घोडी हवीच कशाला? यंत्र जमिनीवर ठेवावे, दोन्ही बाजूंना बैठकीच्या उंचीचे लाकडी ठोकळे ठेवावेत, काम झाले. मोजमापाच्या दृष्टीने ही पद्धत उत्तम आहे. जमीन कधी कोसळत नाही, लोंबायला जागा नसते आणि खर्च दोन ठोकळ्यांचा. फरशी सपाट असेल तर काप एखाद्या महागड्या घोडीवरच्या कापाइतकाच अचूक येतो. एखाद-दुसऱ्या दिवसाचे काम असेल तर मी हीच पद्धत सुचवीन.

पण एक धोका आहे. जमिनीवर बसलेला सुतार लाकूड पायाने दाबून धरतो. हातकरवतीने कापताना ते चालते. करवत त्याच्याच हाताने, त्याच्याच वेगाने चालते. या यंत्राचे १० इंची पाते मिनिटाला सुमारे ४६०० फेरे घेते. परीघ सुमारे ८० सेंमी. गुणाकार करा : पात्याचे दात सेकंदाला सुमारे ६१ मीटर, म्हणजे ताशी २२० किलोमीटरने धावतात. तिथे पावलाचे काम नाही. शिवाय बसल्यावर तोंड पात्याच्या पातळीला येते, भुसा आणि कपचे सरळ डोळ्यांत. दिवसभर वाकून गुडघे आणि कंबर जाते ती वेगळीच. ज्या घरात कमावता हात एकच आहे, तिथे त्या हाताची बोटे, डोळे आणि कंबर यांचा हिशेब घोडीच्या किमतीत धरायला हवा. म्हणून रोजचे काम असेल तर उभ्याने करावे असे माझे मत आहे, आणि जमिनीवर केलेच तर लाकूड पायाने धरू नये, यंत्राबरोबर मिळणारा क्लॅम्प लावावा.

तयार घोड्यांचे ढोबळ दोन प्रकार मिळतात. एक अॅल्युमिनियमच्या आडव्या नळीची, खाली घडीचे पाय, दोन्ही टोकांना बाहेर सरकणारे आधार. ड्युवॉल्ट कंपनीची या प्रकारातली लांब घोडी सुमारे १६ किलोची आहे आणि ती सुमारे २२५ किलो भार पेलते असे कंपनी सांगते. चांगली वस्तू आहे, यात वाद नाही. पण २२५ किलो आपल्याला करायचे काय? आपले यंत्र आणि चौकटीचा नग मिळून पंचवीस किलोसुद्धा होत नाहीत. घडी केल्यावरही तिची लांबी सुमारे दीड मीटर राहते; ती आणि यंत्र एका मोटरसायकलवर एका खेपेत नेणे कठीणच. दुसरा प्रकार चाकांचा, ढकलत नेण्याचा, एका झटक्यात उभा राहणारा. तो तीस किलोच्या आसपास जातो आणि त्याला टेम्पो लागतो. ज्यांच्याकडे टेम्पो आहे आणि रोज नव्या जागी काम आहे, त्यांनी अवश्य घ्यावा. घेताना घोडीवरचे कंस आपल्या यंत्राच्या बोल्टच्या भोकांना बसतात की नाही ते यंत्र बरोबर नेऊन पाहावे. पाय अडकवणारी खिटी बोटाने हलवून पाहावी. घोडी उघडून एका कोपऱ्याला कंबरेने ढकलावे. दुकानदाराला वाईट वाटले तरी चालेल.

किमती मी इथे मुद्दाम देत नाही. त्या दर हंगामाला बदलतात, आणि कुक्षीत व इंदुरात सारख्या असतीलच असे नाही.

त्या पालकांसाठी आम्ही जी रचना ठरवली ती अशी. कामाच्या जागी एक गोष्ट नेहमी सापडते, ती म्हणजे लांब, जाड फळी किंवा दोन वासे. मग ते बरोबर का न्यायचे? बरोबर न्यायच्या त्या दोन घडीच्या घोड्या, यंत्र बोल्टने कायमचे जोडलेली एक पाटी आणि दोन ठोकळे. घोड्या १.२ मीटर अंतरावर उभ्या करायच्या, त्यांवर तिथलीच फळी टाकायची, फळीवर मधोमध पाटीसकट यंत्र आणि फळीच्या दोन्ही टोकांना ठोकळे. पाटी फळीला आणि फळी घोड्यांना क्लॅम्पने आवळायची. यंत्र नुसते ठेवून कधीही चालवू नये. मूठ सोडल्यावर डोके स्प्रिंगने वर उसळते तेव्हा ते मागे कलते.

उंची कशी ठरवायची? उभे राहून हात सैल सोडा. मनगट जिथे येते, त्याच्या थोडे वर बैठक असावी. मध्यम उंचीच्या माणसाला ९० सेंमी ठीक पडते. यंत्राची बैठक त्याच्या तळापासून ९ सेंमी, पाटी १.८ सेंमी, फळी ४ सेंमी. ९० मधून हे वजा केले की ७५.२ उरतात, म्हणून घोडी ७५ सेंमीची. प्रत्येकाने आपल्या घरच्या माणसाच्या उंचीप्रमाणे हा हिशेब करावा. आठवीच्या एका विद्यार्थिनीने तिच्या काकांसाठी ८१ सेंमी काढले आणि ते बरोबर होते. काका खरेच उंच आहेत.

ठोकळ्यांची उंची मात्र अगदी काटेकोर हवी. ठोकळा आणि त्याखालची जोडपट्टी मिळून यंत्राच्या बैठकीशी एका पातळीत आली पाहिजे. सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा बैठकीवरून ठोकळ्यांवर नेऊन तपासावे. ठोकळा केसभर खाली राहिला तर निभते. वर राहिला तर नाही. कारण दोन्ही टोके उचललेले लाकूड मधे, पात्यापाशी, अधांतरी राहते. काप पूर्ण होत आला की ते मधे खचते, कापाच्या दोन्ही कडा वरून पात्याला चिमटीत धरतात आणि यंत्र हिसका देते. नवशिक्यांना वाटते लाकूड कठीण होते. लाकूड कठीण नव्हते, ठोकळा उंच होता.

जमीन ओबडधोबड असेल तर घोडी डुगडुगते. तीन पायांची तिवई कुठेही ठेवली तरी डुगडुगत नाही, चार पायांचे स्टूल डुगडुगते, हे तुम्ही घरी पाहिले असेल. तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते, चौथा बिंदू त्या प्रतलात असेलच असे नाही. म्हणून एका घोडीला चारऐवजी तीन पाय ठेवण्याचा विचार आम्ही केला होता, पण घडी करायला ते अवघड गेले. शेवटी चार पाय आणि खिशात चार पाचरी, असे ठरले.

या रचनेचा एक फायदा आम्हाला आधी सुचला नव्हता. एका ठोकळ्यावर अडसर म्हणून छोटा लाकडी तुकडा क्लॅम्पने लावला की पुन्हा पुन्हा टेप न लावता सारख्या लांबीचे कितीही नग कापता येतात. मात्र अडसराच्या बाजूचा नग हाताने किंवा क्लॅम्पने धरलेला असावा आणि दुसऱ्या बाजूचा तुकडा मोकळा असावा. उलटे केले तर पाते आणि अडसर यांच्यात अडकलेला सुटा तुकडा गोळीसारखा उडतो.

जुन्या घरांचे लाकूड कापणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. त्या सागात खिळे असतात. डोके गंजून गेलेले असते, वरून काही दिसत नाही. एखाद्या जुन्या स्पीकरचे लोहचुंबक दोऱ्याला बांधून लाकडावरून हळूहळू फिरवा. ते ओढले जाईल तिथे खडूने फुली करा. पात्याचे कठीण दात खिळ्यावर तुटतात आणि तुटलेला दात कुठे जाईल याचा नेम नसतो. आणखी एक, विजेचे. यंत्र १६५० वॉटचे असेल तर २३० व्होल्टला प्रवाह ७ अँपिअरच्या वर जातो. दिव्या-पंख्याच्या ६ अँपिअरच्या प्लगवर ते लावू नये, १६ अँपिअरचा घ्यावा. पंख्याच्या बारीक वायरीचे वेटोळे लावू नये. वायर घोडीच्या पायात गुंतणार नाही अशी मागून आणावी.

तर त्या पालकांना मी सांगितले ते असे : सध्या तयार घोडी घेऊ नका. त्या पैशांतून आधी चांगले पाते, दोन दणकट क्लॅम्प आणि डोळ्यांचा चष्मा घ्या. घोड्या आपण शाळेत करू. पुढे टेम्पो आला आणि दिवसाला दोन-दोन जागी काम सुरू झाले, म्हणजे मांडामांडीत जाणारा वेळ पैशांत मोजता येईल आणि तेव्हा अॅल्युमिनियमची घोडी स्वतःची किंमत वसूल करील. त्यांनी ऐकून घेतले. "फळी तिथलीच वापरायची, हे मला सुचायला हवे होते," एवढेच म्हणाले.

पहिली जोडी नववीच्या वर्गात तयार होत आहे. ठोकळे झाले, पण त्यांच्या यंत्राची बैठक प्रत्यक्षात ८.७ सेंमी निघाली आणि आम्ही ९ धरून कापले होते, म्हणून दोन्ही ठोकळे ३ मिमीने रंधायचे आहेत. शनिवारच्या तासाला बिजागऱ्या बसवू. ज्यांच्या घरी जुन्या दारांच्या तीन इंची बिजागऱ्या पडून असतील त्यांनी घेऊन याव्यात; गंजलेल्या चालतील, पण पिन सुटी झालेली नको.